मोघे मास्तरांचं फ्रान्स

मोघे मास्तरांना डावं-उजवं नव्हतं. त्यांना फक्त दिशा होत्या. वर्गात एखाद्या मुलाच्या गालाला शाई लागली असली, तर ते म्हणायचे, "आग्नेयेकडचा गाल पूस." मुलगा गोंधळून मान वळवी, मानेबरोबर गालही वळे, आणि मास्तर शांतपणे सांगत, "आता तो ईशान्येला गेला." पोरं हसून लोळत. मास्तर हसत नसत, कारण ते थट्टा करतच नव्हते. टांग्यात बसले की टांगेवाल्याला नैर्ऋत्येला वळायला सांगत. आमच्या धारचा एक टांगेवाला त्यांना म्हणाला होता, "भिया, म्हारे तो समझ में आ जाय, पण घोड़े को नी आवे." मास्तरांनी खाली उतरून त्याला सूर्यावरून दिशा कशी ओळखायची ते समजावून दिलं. टांगेवाल्याला, घोड्याला नव्हे.

धारच्या शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी गणित. माझ्याहून बरेच मोठे, तरी मला कधी अरे-तुरे केलं नाही. "दत्तोपंत, तुम्ही" असंच. उंच, किडकिडीत, बोलताना उपरण्याचं टोक बोटाभोवती गुंडाळणारे. साऱ्या पृथ्वीची त्यांना माहिती. पण स्वतः उज्जैन, देवास आणि महू यांच्या पलीकडे गेलेले नव्हते. समुद्र पाहिला नव्हता. कुणी तसं बोलून दाखवलं तर म्हणत, "भेट झालेली नाही, पण ओळख आहे." आणि एखादं गाव फार लांब आहे असं कुणी म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर येई, "नकाशात सगळी शेजारीच राहतात."

त्यांची आठवण आली की मला अजून लाज वाटते. माझी नव्हे, त्यांची. पण लाज एकदा वाटायला लागली की तुझी-माझी असं काही राहत नाही. मी तिच्या इतका जवळ उभा होतो की ती माझ्याही अंगाला लागली.

मोटार आली तिथून सगळं सुरू झालं. डही गावाच्याही पलीकडे डोंगरात एक लहानसं ठिकाण, म्हणजे जहागीर, होतं, तिथल्या ठाकूरसाहेबांनी मुंबईहून मोटार मागवली. त्या काळी धारमध्ये मोटार म्हणजे काय ते लोकांनी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. ती आली ती दोन बैलांच्या मागून आली. वाटेत कुठंतरी तिनं मान टाकली होती. पुढं बैल, मागं मोटार, मोटारीत डोळ्यांवर काचा लावून ताठ बसलेले ठाकूरसाहेब, आणि दोन्ही बाजूंनी हसणारं अख्खं गाव. हसत नव्हते ते एकटे मोघे मास्तर. ते मोटारीच्या बरोबरीनं चालू लागले आणि ठाकूरसाहेबांना म्हणाले की हा रस्ता पूर्वेकडे चढत जातो, बैल थकतील. त्यापेक्षा तलावाच्या बाजूनं न्या. ठाकूरसाहेबांनी काचा वर केल्या आणि विचारलं, आप कौन? न हसणारा माणूस त्यांना त्या दिवशी हवाच होता.

पुढे ते धारला आले की मास्तरांना बोलावणं यायचं. आणि एका बोलावण्यात ती गोष्ट निघाली. फ्रान्सात एका गावाबाहेरच्या रस्त्यांवर मोटारींची मोठी शर्यत व्हायची होती, लागोपाठ दोन दिवस. देशोदेशीच्या मोटारी धावणार, आणि जी पहिली येईल तसली मोटार विकत घ्यायची, असं ठाकूरसाहेबांच्या मनात भरलं होतं. त्यांनी मास्तरांना विचारलं, रस्ता कसा, जहाज कोणतं, उतरायचं कुठं. आणि म्हणाले, "मास्टरसाब, अपन फ्रांस चलेंगे. अपन रेस देखेंगे. आप बस नक्शा जमाओ."

ही सारी गोष्ट त्या एका 'अपन'ची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आमची घरं दरबारच्या नोकरीपायी कधीकाळी दक्षिणेतून आलेली. घरात मराठी, बाजारात माळवी, कचेरीत हिंदी. एका वाक्यात तिन्ही आल्या तरी कुणाचं अडत नसे. मराठीत 'आम्ही' म्हणजे आम्ही, तुम्ही नव्हे. आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून. माळव्यातल्या हिंदीत 'अपन'चं तसं नाही. तिथं एकटा माणूसही स्वतःला अपन म्हणतो. भाजीवाली "अपन तो इत्ते में नी देंगे" म्हणाली म्हणून तिच्या टोपलीत आपली भागी आहे असं कुणी समजत नाही. मास्तर धारमध्येच जन्मलेले, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? रोज ऐकत होते. पण त्या दिवशी ठाकूरसाहेब अपन म्हणाले आणि मास्तरांच्या मराठी कानानं आपण ऐकलं. चाळीस वर्षं नकाशावर बोट फिरवून दमलेल्या माणसाला तेवढा एक शब्द पुरला.

दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन ते मला म्हणाले, "दत्तोपंत, आम्ही फ्रान्सला जातो आहोत."

मग काय विचारता. शाळा सुटल्यावर भूगोलाच्या वर्गात जमिनीवर नकाशे पसरत. रेल्वेच्या वाटेवर तुरीचे दाणे, समुद्रावर तांदूळ. महू, खांडवा, मुंबई इथवर तूर. मुंबईपासून एडन, सुएझ, मार्सेलपर्यंत तांदूळ. पुढं पुन्हा तूर. वारा आला की जहाज सुएझला अडकायचं आणि मास्तर गुडघ्यांवर बसून ते सोडवायचे. शर्यतीचा रस्ता त्रिकोणी आहे असं त्यांनी कुठूनसं वाचलं होतं. मग कोणत्या कोपऱ्यावर बसावं याचा खल झाला. मोटारी वळायला मंदावतील तिथंच बसायचं, पूर्वेला पाठ करून, म्हणजे सकाळचं ऊन डोळ्यांवर यायचं नाही. आणि दुपारी वारा नैर्ऋत्येचा असला तर धूळ समोरच्यांच्या अंगावर जाईल, आपल्या नव्हे. ठाकूरसाहेबांना हे सगळं इतकं पसंत पडलं की ते मान डोलावत राहिले. तेही दर वाक्याला अपन म्हणत होते आणि मास्तर दर वेळी त्यात स्वतःला मोजत होते. फ्रेंच भाषेचं एक लहानसं पुस्तक मिळवून त्यांनी वर्गात हजेरीला "बों जूर" म्हणायला लावलं. मुलांची हरकत नव्हती.

हरकत घेतली आमच्या मंडळींनी. ब्राह्मणानं समुद्र ओलांडायचा म्हणजे त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. देवळात बैठक बसली. नारायणभट आमचे उपाध्ये, शांत आणि नियमाला पक्के. मास्तर त्या बैठकीत फार चांगले बोलले. भांडले नाहीत. म्हणाले, मी आयुष्यभर मुलांना सांगितलं की पृथ्वी गोल आहे, आणि स्वतः अंगणाबाहेर गेलो नाही. मला एकदा जाऊन येऊ द्या. परत आल्यावर जे प्रायश्चित्त सांगाल ते सर्वांसमोर घेईन. नारायणभटांनी थोडा विचार करून मान हलवली. मला वाटतं, त्या दिवशी सगळ्या मंडळींना मास्तरांचा अभिमानच वाटला. आपल्यातला एक माणूस विलायतेच्या वाटेनं चालला होता.

आणि मग सुरू झाली केळवणं. लग्न-मुंजीशिवाय केळवण नसतं, पण दुसरा शब्द कुणाला सुचला नाही. आज यांच्याकडे पुरणपोळी, उद्या त्यांच्याकडे श्रीखंड. मोघेवहिनींना हळदीकुंकवात पहिला पाट मिळू लागला. वहिनी अबोल बाई. मास्तरांच्या दिशा त्यांनी कधी शिकून घेतल्या नाहीत. त्या "इकडं" आणि "तिकडं" एवढ्यावर संसार करत होत्या. जायला हवं की नको, यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. धान्यं भाजली, जात्यावर बसल्या, आणि एक मोठी करंडी भरून भाजणी, मेतकूट, पापड, लोणचं तयार केलं. वरून फडक्यानं शिवून टाकलं. एवढंच म्हणाल्या, "तिकडचं काही खाऊ नका. हे पुरवून खा."

वैशाखात निघाले. पोचवायला महूपर्यंत मी गेलो. मास्तरांच्या अंगात नवा कोट, पायांत करकरणारे बूट, शेजारी पत्र्याची ट्रंक आणि मांडीवर ती करंडी. टांग्यात सारा वेळ बोलत होते. महूच्या स्टेशनावर ठाकूरसाहेबांची मंडळी आधीच आलेली होती: त्यांचे एक भाऊबंद, एक नोकर आणि मुंबईहून आलेला एक वाटाड्या, जो पूर्वी विलायतेला जाऊन आला होता. ठाकूरसाहेबांनी मास्तरांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. पुढं होऊन त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले.

"मास्टरसाब," ते म्हणाले, "आप इत्ती दूर अपन को छोड़ने आए?"

मी मास्तरांच्या मागं उभा होतो, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. पाठ दिसली. ती जराही हलली नाही. ठाकूरसाहेबांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. त्या माणसाच्या मनात काही वावगं नव्हतं. त्याला वाटलं, केवढं हे प्रेम. मग त्याचं लक्ष ट्रंकेकडे आणि करंडीकडे गेलं आणि त्यानं विचारलं, हे काय आणलं?

मास्तरांनी ट्रंक बुटानं मागं सारली. करंडी दोन्ही हातांनी उचलून पुढं केली. "आपके लिए," ते म्हणाले. "घर से बनवाया है. रास्ते में काम आएगा."

ठाकूरसाहेबांना भरून आलं. नोकरानं करंडी डब्यात चढवली. गाडी सुटली तेव्हा मास्तरांनी सगळ्यांबरोबर हात हलवला. वहिनींची भाजणी फ्रान्सला गेली.

नंतर आम्ही बाकावर बसलो. हार त्यांच्या गळ्यात तसाच होता. मी काढा म्हटलं तेव्हा त्यांनी काढला. मी म्हणालो, चला, धारला जाऊ, दोन दिवस लोक हसतील. ते म्हणाले, "दत्तोपंत, मी बारा घरी जेवलो आहे." मला त्यांच्याकडे पाहवेना. फलाटावर हमाल होते, गोरे शिपाई होते, एक बाई मुलाला पाणी पाजत होती, आणि मला वाटत होतं की यातल्या प्रत्येकाला सारं कळलं आहे.

त्यांची थोरली बहीण देवासला दिलेली होती. तिच्याकडे ते गेले, आणि जाताना कुणाला सांगू नका म्हणाले. धारला परतल्यावर लोकांनी विचारलं तेव्हा गाडी वेळेवर सुटली, एवढंच मी सांगितलं. वहिनींनी विचारलं, खिडकीची जागा मिळाली का. मी म्हटलं, ठाकूरसाहेबांना मिळाली.

देवासला मी पुढं एकदा गेलो, शाळेला सुटी होती तेव्हा. तुम्हांला माहीत असेल, देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं; थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या एका बाजूला एका महाराजांचा अंमल, पलीकडे दुसऱ्यांचा. बहिणीचं घर थोरल्या पातीत, आणि समोरचं देऊळ धाकटीत. धारचं कुणी ओळखीचं येताना दिसलं की मास्तर उपरण्यानं तोंड झाकून रस्ता ओलांडत आणि दुसऱ्या राज्यात जाऊन बसत. पळून जायला इतकं सोयीचं गाव हिंदुस्थानात दुसरं नसेल. बहिणीचे यजमान गमत्ये होते, जेवताना विचारत, "मेहुणे, आज कुठवर आलात? पॅरिस?" मास्तर खाली मान घालून म्हणत, "हो, आज पॅरिस." ते रोज हिशेबानं पुढं सरकत होते. शर्यतीच्या दोन दिवसांत तर घराच्या मागच्या ओट्यावर पूर्वेला पाठ करून बसून होते, असं बहिणीनं मला सांगितलं. सांगताना ती हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. मला मात्र एवढंच बोलली, "दत्तोपंत, माझ्या भावाला घरी जाऊ दे असं कुणीतरी म्हणा हो."

पण घरी जायचं म्हणजे विलायतेहून आल्यासारखंच जायचं, दुसरी वाट त्यांनी ठेवली नव्हती. पावसाळा ओसरल्यावर ते आले. ठाकूरसाहेब परतले होते, पण ते आपल्या डोंगरात. धारला त्यांचं येणं क्वचितच. तेव्हा भीती तशी नव्हती. ओसरीवर मंडळी जमली. मास्तरांनी शर्यतीचं वर्णन केलं. रस्ता कसा वळतो, धूळ कुणीकडे जाते, ऊन कुठून येतं, एकही चूक नाही. मग कुणीतरी सहज विचारलं, समुद्र कसा असतो हो?

ज्या माणसानं मला भरती-ओहोटी दोन तास समजावली होती, तो जरा वेळ उपरण्याचं टोक गुंडाळत राहिला आणि म्हणाला, "मोठा असतो."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. कुणाला काही कळलं नाही. लोक म्हणाले, खरं आहे, असणारच. तेवढ्यात आतल्या दारातून वहिनी बोलल्या. चार माणसांत त्या कधी बोलत नसत, पण त्या दिवशी आनंदात होत्या. म्हणाल्या, "भाजणी पुरली का तिकडं?"

"पुरली," मास्तर म्हणाले. "चांगली झाली होती."

वहिनी समाधानानं आत गेल्या. मास्तरांचा चेहरा मी पाहिला आणि मग ओसरीच्या खांबाकडे पाहत बसलो. साऱ्या गावाला फसवताना जो माणूस कसाबसा तग धरून होता, त्याला हे एक वाक्य फार झालं असं मला दिसलं.

प्रायश्चित्त दोन दिवसांनी होतं. क्षौर झालं, स्नान झालं, मास्तर ओलेत्यानं पाटावर येऊन बसले. उजव्या बाजूला वहिनी, पैठणी नेसून, दर्भ धरलेला हात त्यांच्या हाताला लावून. समोर नारायणभट. केळवणाला बोलावणारी झाडून सारी मंडळी भिंतीला टेकून बसलेली. आत स्वयंपाक तयार. बाहेरच्या पडवीत पत्रावळी मांडून ठेवलेल्या. कारण प्रायश्चित्तानंतर पंगतीला सगळे बसले म्हणजे माणूस पुन्हा आपला झाला, असा तो सारा मामला.

नारायणभटांनी संकल्प सांगायला सुरुवात केली. तिथी, वार, नक्षत्र झालं. मास्तर मागून म्हणत होते. भटजी 'समुद्रयान' या शब्दाशी आले आणि मास्तर गप्प झाले. भटजींना वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं.

"समुद्रयान म्हणू नका," मास्तर म्हणाले. "अनृतभाषण म्हणा."

भटजींनी पळी खाली ठेवली. ज्यांना संस्कृत येत होतं ते ताठ झाले आणि ज्यांना येत नव्हतं ते त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. मी खाली सारवणाकडे पाहत होतो. वहिनींना वाटलं, विधीतलंच काही असेल. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे काय?"

मास्तरांनी त्यांच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "म्हणजे मी गेलो नव्हतो. मला नेलंच नाही. मी देवासला होतो."

वहिनींचा हात त्यांच्या हातावर होता. तो तिथंच राहिला. काढायला हवा की ठेवायला हवा, हे त्यांना कळलं नसावं. चेहऱ्यावरचं रक्त मात्र उतरत गेलेलं मी पाहिलं. मग वहिनी खाली मान घालून भटजींना म्हणाल्या, "पुढं म्हणा."

नारायणभटांनी शब्द बदलला आणि विधी पुरा केला. त्यांना मी त्याबद्दल अजून मानतो. पण पंगतीला तेही थांबले नाहीत. त्या दिवशी अर्ध्या मंडळींना उपास निघाला आणि उरलेल्या अर्ध्यांना काम निघालं. कुणी कडू बोललं नाही, कुणी हसलंही नाही. आपल्या चालीप्रमाणे प्रत्येक जण उठून "येतो, मास्तर" म्हणाला आणि मास्तर दाराशी उभे राहून प्रत्येकाला "या" म्हणत राहिले. लाजेनं मान खाली घालायचे ते दिवस देवासला संपले असावेत. ते एकेकाच्या डोळ्यांकडे पाहत होते. लोकांनाच पाहवत नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यांनी धार सोडलं. नंतर कुठं कुठं शिकवलं, कसे राहिले, ते मला ऐकून ठाऊक आहे. पाहिलं ते एवढंच.

सगळे गेले तेव्हा पडवीत रिकाम्या पत्रावळी राहिल्या होत्या आणि मी. मास्तर मला म्हणाले, "दत्तोपंत, बसा." मग आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, "तूही बस. मी वाढतो." पुरुषांच्या पंगतीत, नवऱ्याच्या आधी, बाईनं बसायचं असं त्या काळी कुणी ऐकलं नव्हतं. वहिनी तरीही आल्या आणि नारायणभटांसाठी मांडलेल्या पहिल्या पानावर बसल्या. मी दोन पानं सोडून बसलो. मास्तर भाताचं भांडं घेऊन आले आणि त्यांच्यापुढं वाकले.

वहिनी पानाकडे पाहत म्हणाल्या, "आधी मीठ वाढतात."

मास्तर भांडं ठेवून आत गेले. बराच वेळ फडताळात काहीतरी खालीवर केल्याचा आवाज येत राहिला. वहिनी सांगायला उठल्या नाहीत. शेवटी ते मिठाची वाटी घेऊन आले आणि चिमटीनं पानावर मीठ वाढलं. मीठ फार पडलं. वहिनींनी ते बाजूला सारलं नाही. तसंच ठेवून त्या भाताची वाट पाहत बसल्या.